गावात धंदा करायचा तर डोकं कुठे चालवायचं?

दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालं, तीन वर्षं पुण्यात नोकरी केली, आता गावी परत आलोय. घरचं पाच एकर वावर आहे, हातात दीडेक लाख रुपये आहेत. जो तो सांगतो, 'काहीतरी हटके कर.' मला हटके काही सुचत नाही. कल्पकता उपजत असते की शिकता येते? आणि धंद्यात ती खरंच कामाला येते, की शेवटी भांडवलवालाच जिंकतो?

भाऊ, आधी त्या 'हटके'चा नाद सोडा. मी वर्धा जिल्ह्यात बरीच वर्षं छोटी डाळमिल चालवतो आणि जोडीला नव्यानं धंदा करू पाहणाऱ्यांच्या प्रशिक्षणात शिकवायला जातो. तिथे येणाऱ्या पोरांच्या वहीत पहिल्या पानावर मालाची यादी असते: मशरूम, ड्रॅगन फ्रूट, कडकनाथ, गांडूळखत. ती यादी कोल्हापूरच्या पोराच्या वहीतही तशीच निघेल. तुमच्या गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो, कोणाच्या हातात येतो, कोणाचं काय वाया जातं, यातलं त्यात काहीच नसतं. माझं मत विचाराल तर आपल्याकडे डोकं मालावर कमी आणि व्यवहारावर जास्त चालवावं लागतं. कोणाला विकायचं, कधी, केवढ्या मापात, पैसे कसे घ्यायचे, माल पडून राहिला तर झळ कोणाला, या जागी जो वेगळा विचार करतो तो टिकतो. भांडवलाची पाळी त्यानंतर येते.

नव्या मालाला भुलून काय होतं ते महाराष्ट्रानं इमूच्या वेळी पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियातला तो उंच पक्षी लोकांनी शेड बांधून, कर्ज काढून पाळला. पिल्लांचे दर चढत गेले. पण त्याचं मांस नेमानं खाणारं गिऱ्हाईक कुठे होतं? पिल्लू विकत घेणारा हा पुढचा पाळणाराच असायचा. नवे पाळणारे मिळेनासे झाले आणि धंदा बसला. सफेद मुसळीच्या बेण्यातही आपल्या भागात अनेकांनी हात पोळून घेतले. वस्तू वेगळी होती यात शंका नाही. ज्याच्या खिशातून शेवटचा रुपया निघायचा, तो माणूस मात्र कोणी शोधला नव्हता.

आता याच्या उलट उदाहरण सांगतो. तुम्ही वऱ्हाडातले, त्यामुळे झाडीपट्टीतलं नाटक कदाचित पाहिलं नसेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा पट्टा. दिवाळीनंतर धान निघतं, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या धंद्याचं मोठं ठाणं. तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, दारावर कलाकारांच्या फोटोंचे फलक आहेत. गावचं मंडळ येऊन तारीख आणि नाटक ठरवतं, कंपनीला ठरलेली रक्कम देतं, गावात मंडप घालतं आणि तिकिटं स्वतः विकतं. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर रात्री नाटक हमखास. शंकरपटावर न्यायालयाची बंदी होती तेव्हा तो जोड तुटला होता. २०२३ च्या निकालानं आता तो प्रश्नही मिटला. नाटकाच्या निमित्तानं लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

नाटकाचा विषय बघाल तर त्यात नवं फारसं नाही. कुटुंबातला कलह, प्रेम, दारू, विनोदी जोडी, मधूनच लावणी. या धंद्यातली हुशारी रचनेत आहे. कंपनी तिकीटविक्रीचा धोका अंगावर घेत नाही, तिचा आकडा आधीच ठरलेला असतो. धोका गावच्या मंडळाचा, पण मंडळाची पोरं तिकिटं आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांना विकतात, त्यामुळे जाहिरातीचा खर्च फारसा नाही, आणि उरलेला पैसा गावच्याच कामाला लागतो म्हणून लोक तिकीट घ्यायला कुरकुरत नाहीत. हंगाम असा की घराघरात धानाचे पैसे आलेले आहेत आणि शेतातलं काम हलकं झालंय. नाटक रात्रभर चालतं. पहिल्यांदा पाहणाऱ्या शहरी माणसाला ते लांबण वाटतं, पण मला त्यात हिशेब दिसतो. आजूबाजूच्या खेड्यांतून आलेला माणूस रात्री बारा वाजता परत कसा जाईल? एसटी नाही, रस्ता जंगलाचा. नाटक पहाटेपर्यंत चाललं की हा प्रश्नच उरत नाही. जे नव्हतं त्याच्याभोवतीच हा धंदा बेतला गेला. धंद्यातली कल्पकता म्हणजे काय, हे शिकायला मी पोरांना वडशाला पाठवतो.

आणि मालात अस्सल प्रतिभा असून व्यवहाराची दोरी हातात नसली तर काय होतं, हेही त्याच पट्ट्यात दिसतं. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या लावल्या, निवडत गेले. तयार झालेला बारीक तांदूळ एवढा चांगला निघाला की व्यापाऱ्यानं त्याला त्या काळच्या मानाच्या घड्याळाचं नाव दिलं: एचएमटी. हा वाण महाराष्ट्राबाहेरही पसरला. २००५ साली त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. पण त्या वाणानं बियाणेवाले, गिरणीवाले, व्यापारी यांची घरं भरली आणि दादाजी २०१८ साली गेले तेव्हा हलाखीतच होते. दोष त्यांचा मुळीच नाही. शेतकऱ्यानं तयार केलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावावर करता येईल असा कायदा देशात २००१ साली आला, त्यांचं बियाणं त्याआधीच हातोहात फिरलं होतं. आज तुमच्या गावात कोणी असा निवडीचा वाण जपत असेल तर त्याला सांगा, शेतकऱ्याला या नोंदणीचं शुल्क लागत नाही. आधी नोंद, मग वाटप.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. बांबू तोच, जंगल तेच. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, आणि बांबू विकणारा बदलला, ग्रामसभाच तो विकू लागली. पुढे गडचिरोली-गोंदियातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानाचा लिलावही स्वतः करायला घेतला. सत्तर पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचं पोतं हे माप तेच राहिलं.

आता 'शिकता येते का' याकडे येतो. येते. त्यासाठी मी पोरांना पहिलं काम देतो ते गावाच्या पैशाचं वर्षभराचं पत्रक करायचं. तुमच्या दारव्ह्याचं करून पाहा. भाद्रपदाच्या सुमारास मूग-उडीद असेल तर थोडी रोकड. दसरा-दिवाळीला सोयाबीन विकलं जातं, बहुतेकांची पहिली मोठी रक्कम तीच, आणि ती देणी फेडण्यात जाते. मग कापसाचे वेचे, त्याचा चुकारा तुकड्यातुकड्यानं येतो. जानेवारी-फेब्रुवारीत तूर, पाठोपाठ हरभरा. एप्रिल-मे लग्नांत जातो. जूनमध्ये बियाणं-खतात घर रिकामं, आणि जुलै ते सप्टेंबर कास्तकाराच्या हातात फारसं काही नसतं. हे सगळ्यांना माहीत आहे, पण दुकान टाकताना कोणी आठवत नाही. एका पोरानं जुलैत मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज उघडलं आणि तीन महिन्यांत उधारीखाली दबला. तेच गॅरेज दिवाळीच्या आधी उघडलं असतं तर? काम तेच, हात तेच. पत्रक केलं की दुसरीही गोष्ट दिसते: पगारदार कोण? शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई, पेन्शनवाले, बाहेरगावी नोकरीला असलेल्यांचे आईवडील. बाराही महिने महिन्याच्या हिशेबानं पैसे देऊ शकतील अशी हीच घरं. रोजचं दूध, भाजी, पिठाचा रतीब यांच्यासाठी आणि हंगामी मोठी वस्तू कास्तकारासाठी, एवढी विभागणी केली तरी अर्धी उधारी कमी होते.

दुसरं काम उलट्या प्रश्नांचं. धंद्याला लागणारी एकेक गोष्ट काढून टाकायची आणि विचारायचं, ही नसेलच तर? दुकान नसेल तर? माल विकत घ्यायला पैसेच नसतील तर? गिऱ्हाईक रोख देऊ शकत नसेल तर?

माझ्या धंद्यावरून सांगतो, कारण तो मला आतून माहीत आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी डाळमिल आपल्या भागात बरीच दिसते. ती घेणारा साधारण असा विचार करतो: तूर विकत घेऊ, डाळ करू, पाकिटात भरू, विकू. यात सगळा पैसा तुरीत अडकतो. हंगामात भाव कमी म्हणून पोती भरून ठेवावीत तर पुढे भाव पडण्याची भीती, न भरावीत तर मे महिन्यात मशीन रिकामं. आता तूर विकत घेणं काढून टाका. कास्तकार आपली तूर आणतो, तुम्ही क्विंटलमागे मजुरी घेऊन डाळ करून देता. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, उरलेलं चुनी आणि भुसा. ज्याच्याकडे रोख नाही तो मजुरीऐवजी चुनी ठेवून जातो आणि ती चुनी गावातल्या दूधवाल्याला ढोरांसाठी हवीच असते. म्हणजे मजुरी कास्तकाराच्या खिशाला हात न लावता दूधवाल्याकडून आली. भावाची जोखीम तुमच्यावर नाही, भांडवल फक्त मशीनमध्ये. मशीन वर्षात जास्त दिवस चालवायचं तर जानेवारीपासून तूर, मार्चपासून हरभरा, सप्टेंबर-ऑक्टोबरला मूग-उडीद. पावसाळ्यात काम बंद धरा. तुरीचं टरफल चिकाच्या थरानं डाळीला घट्ट चिकटलेलं असतं, ते सोडवायला तेल-पाणी लावून उन्हात वाळवणं आलंच, आणि श्रावणात ऊन कुठून आणणार?

याच्या पुढची पायरी मला जमली नसती, पण तुम्हाला जमेल. तुम्ही तीन वर्षं पुण्यात होता. तुमच्या ऑफिसातली, खोलीवरची, मेसमधली माणसं दर महिन्याला डाळ विकत घेतात. त्यांना सांगता येईल की ही अमुक कास्तकाराची, अमुक गावची, बिनपॉलिशची डाळ आहे. पाकिटावर छान चित्र काढण्यात वेळ घालवू नका. पाच-पाच किलोच्या वीस पिशव्यांचे पैसे आधी गोळा करा, मग तूर भरडायला द्या, तीही दुसऱ्याच्या मिलवर. फूड लायसन्सची मूळ नोंदणी मात्र विक्रीआधी करून घ्या, तिचा खर्च नगण्य आहे. दुसऱ्या महिन्यात त्याच लोकांनी पुन्हा मागितली तर धंदा आहे. ओळखीखातर एकदा घेणारे खूप भेटतात, त्यांना मोजू नका.

तिसरी सवय म्हणजे दोघांच्या अडचणी एकमेकींना लावून पाहणं. पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं बघा. कापूस संपला की वावरात उभी पऱ्हाटी ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यात राहते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. कास्तकाराला ती उपटून, गोळा करून जाळायचा त्रास. दुसऱ्या बाजूला जळणाच्या कांड्या बनवणाऱ्यांना असाच काडीकचरा हवा असतो. मग हा धंदा सहज का होत नाही? कारण पऱ्हाटी हलकी आणि फुगीर. ट्रॉली शिगोशीग भरते, वजन भरत नाही, आणि डिझेलमध्येच नफा जातो. इथे अडकलेला माणूस 'मोठी ट्रॉली घेऊ' म्हणतो. सुचणारा माणूस म्हणतो, बारीक करायचं मशीन ट्रॅक्टरला जोडून वावरातच नेऊ, भुगा करून आणू. आणि वावर मोकळं करून दिल्याबद्दल कास्तकाराकडून पऱ्हाटी फुकट घेऊ. आकडे तुमच्या गावापासून कांड्यांच्या कारखान्याच्या अंतरावर अवलंबून आहेत. वीस किलोमीटरला जमणारं साठला जमत नाही, तेव्हा आधी अंतर मोजा.

मालाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय कल्पना लढवू नये, हेही सांगायला हवं. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडची पोरं हमखास संत्र्याच्या रसाचा कारखाना काढायचं म्हणतात. नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर ताजा गोड लागतो आणि ठेवला की कडू होत जातो. बी आणि पापुद्र्यातल्या द्रव्यांमुळे हा कडूपणा नंतर उतरतो, आणि तो घालवायला महागडी यंत्रणा लागते. सैल सालीमुळे हेच फळ हातानं सोलून खायला उत्तम, आणि त्याच सालीमुळे वाहतुकीत लवकर दबतं. संत्रा बर्फी चालली, कारण तिच्यात गर खव्यासोबत आटवलेला असतो. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटनं तर फळाचा नाद बाजूला ठेवून कलमांचा धंदा उभा केला. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि रोपं बागायतदारांना विकायची. फळाचा भाव पडो की चढो, नवी बाग लावणारा कुठेतरी असतोच. मला ही बर्फीपेक्षाही मोठी युक्ती वाटते.

नक्कल होईल, ही तुमची पुढची भीती असणार. होईलच. एकाची पिठाची गिरणी चालली की वर्षभरात त्याच आळीत दुसरी बसते. बचत गटांचे पापड-लोणची-मसाले बघा, सगळ्या जत्रांत सगळ्यांच्या टेबलावर तेच. माल बघून उतरवता येतो. कोणाला कोणत्या महिन्यात उधार द्यायचं, कोणाची चुनी कोणाकडे जाते, पुण्यातली चाळीस घरं कोणती, हे उतरवता येत नाही. तुमची वही शेजाऱ्याला दाखवू नका म्हणजे झालं. वायगावची हळद, भिवापूरची मिरची यांना भौगोलिक मानांकन आहे, ते नाव तिथल्या नोंदणी झालेल्या उत्पादकांनाच वापरता येतं. दारव्ह्याला तसा आधार नाही, तुमचा आधार तुमची माणसं.

भांडवलाचं शेवटी. ते लागतंच, पण आधी नको. सबसिडी पाहून धंदा निवडणारे मी बरेच पाहिले. अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के. ऐकायला गोड, पण ही रक्कम हातात येत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जखात्याला जोडून तीन वर्षं पडून राहते आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळती होते. तोवर हप्ते भरत राहायचे. तेव्हा तुमच्या दीड लाखातले एक लाख हातच लावू नका, घरचा एक हंगाम त्यावर निघेल असं धरून चाला. वावर गहाण टाकण्याचा विषय घरात काढूच नका. जिल्ह्याच्या ठिकाणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, तिथलं प्रशिक्षण राहण्या-जेवणासह मोफत असतं, ते करा. उरलेल्या पन्नास हजारांत येत्या तुरीच्या हंगामात दुसऱ्याच्या मिलवर डाळ करून विका आणि प्रत्येक पिशवीचं नाव, तारीख, वजन, मिळालेले पैसे वहीत लिहा. बी.कॉम. झालाय, हे काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. पुढच्या वर्षी स्वतःच्या मशीनसाठी बँकेत जाल तेव्हा प्रकल्प अहवालासोबत ती वहीही मॅनेजरसमोर ठेवा, आणि कर्ज मशीनपुरतंच मागा, शेडसाठी नको. पहिली दोन वर्षं मशीन घरच्या गोठ्याच्या बाजूला बसतं.